हजारामागे एक डॉलर

मी, जेनेव्हीव्ह पिलार्स्की, वय एक्क्याऐंशी, राहणार ब्रिजपोर्ट, शिकागो, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. दडपणाखाली मी आयुष्यात काही केलं नाही, आता या वयात काय करणार? माझी आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं विटांचं घर मुलगी लॉरेन हिला. ती सरकारी शाळांमध्ये नर्स आहे. तीन शाळांना मिळून ती एकटी. तळघरातला बॉयलर आजवर तिनेच सांभाळला आहे.

२. मी एकतीस वर्षं वायदेबाजारात, गर्दीत उभं राहून, ओरडून आणि हाताच्या खुणांनी गव्हाचे सौदे केले. त्या गर्दीत माझ्यासारखी बुटकी बाई दिसावी म्हणून डोळ्यांत खुपेल असा पिवळा-जांभळा कोट शिवून घेतला होता. तो शेजारी उभ्या राहणाऱ्या ओटिस ब्रॅडकला द्यावा. "घरी जाऊन पिरोगी उकड" असं सांगणाऱ्या बाकीच्यांना काहीही देऊ नये.

३. शेअरचं खातं मुलगा लिओनार्ड याला, पण अटीवर. या खात्यातून तो जेव्हा जेव्हा खरेदी किंवा विक्री करील, तेव्हा हजारामागे एक डॉलर लॉरेनच्या शाळांतल्या दवाखान्यांना जाईल. खातं हलवलं नाही, तर काही देणं नाही. अट मोडली, तर सगळं खातं शाळांचं.

कारण लिहिते. सौद्यांवर कर असावा की नसावा, यावरून ईस्टरच्या जेवणात दोघं भांडली. लिओनार्डची कंपनी संगणकावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत शेकडो सौदे करते. तो म्हणाला, "लावा कर. मी उद्याच इथून बिऱ्हाड हलवतो. आणि ताई, तुझ्या पेन्शनचे पैसेही याच बाजारात आहेत. शेवटी तूच भरशील."

लॉरेन म्हणाली, "मी पोरांच्या बुटांवर कर भरते. तू लाखोंच्या सौद्यावर दमडी देत नाहीस, आणि वर मलाच दम देतोस?"

तेव्हापासून बोलणं बंद आहे. मला याचा फार त्रास होतो.

लिओनार्ड अगदीच खोटं बोलत नाही. बाजाराने एकदा शुल्क वाढवलं, तेव्हा आमच्याकडची गर्दी पाहता पाहता पातळ झाली. गिऱ्हाईक घटलं की घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर वाढतं, आणि ते पिठाच्या गिरणीवाल्याच्या खिशातून जातं. म्हणून मी दर लहान ठेवला आहे. पेन्शनचा पैसा एकदा गुंतवला की वर्षानुवर्षं पडून राहतो, त्याला हा डॉलर जाणवणार नाही. जाणवेल तो दिवसभर घे-विक करणाऱ्याला. जाणवू दे.

४. वाद झाल्यास. आमच्या गोंगाटात कधी कधी दोघांच्या सौद्याच्या चिठ्ठ्या जुळत नसत. दोघंही म्हणत, मीच विकत घेतलं. तळवा आपल्याकडे म्हणजे खरेदी, समोर म्हणजे विक्री; पण कोणाचा तळवा कुठे वळला होता, हे ठरवायला कोणी कोर्टात गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्याआधी दोघं समोरासमोर येत, नुकसान अर्धं अर्धं वाटून घेत आणि त्याच दिवशी पुन्हा एकमेकांशी सौदा करत. माझ्या मुलांनीही तसंच मिटवावं. वकील आणणाऱ्याने फी स्वतःच्या वाट्यातून द्यावी.

५. मसुदा वाचून लिओनार्ड काल आला होता. "आई, ही अट काढ. शाळांना मी आत्ता एकरकमी चेक देतो. तुझ्या करातून दहा वर्षांत जमणार नाहीत एवढे पैसे आहेत."

चेक खरोखरच मोठा होता. मी म्हटलं, "हा बहिणीच्या हातात नेऊन दे. त्या निमित्ताने तिच्याशी बोलशील तरी. आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढे बघू."

त्या 'बघू'साठीच अट घातली आहे. ती काढलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून, मी आणि दोन्ही साक्षीदारांनी एकमेकांसमक्ष सही केली आहे.

जेनेव्हीव्ह पिलार्स्की (सही)

साक्षीदार: हलीना स्रोका, शेजारीण (सही)
डेझमंड टली, निवृत्त टपालवाला (सही)

शिकागो, १४ ऑक्टोबर २०१९