झाकण आतून घासल्याबद्दल

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. (रागात लिहिते आहे, तरी आशीर्वाद आधीच देऊन टाकले, कारण नंतर द्यायच्या मनःस्थितीत राहीन असं वाटत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या यजमानांचा खोकला थांबला, की अजून सगळ्या बिल्डिंगला उठवतो? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पलीकडच्या गच्चीत दोरीवर किती चिमटे आहेत ते इथे बसून मोजता येतं. आता पुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची रीत आहे, ती मी या वेळी मोडते. इकडे काहीही क्षेम नाही. फोन मुद्दाम केला नाही, कारण अडचणीचं बोलणं निघालं की तू 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही' म्हणत ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही. तेव्हा बस आणि शेवटपर्यंत वाच.

विषय आईच्या शिवणाच्या पेटीचा आहे, हे तुला सांगायला नकोच. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस काळा चष्मा लावायला सांगितला आणि शिवणाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाही म्हणून बजावलं. त्या आठ दिवसांत आमचे हे एकाएकी कामसू झाले. जो माणूस शर्टाचं तुटलेलं बटण हातात घेऊन तीन-तीन दिवस माझ्या मागे फिरतो, तो सकाळी चहा झाला की मागच्या गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचा. आतून खरखर ऐकू यायची. विचारलं तर म्हणायचे, खिडकीचा गंज काढतोय. रंगाचा वास यायचा, तर म्हणायचे, तुझ्या डोळ्यातल्या थेंबांचा असेल. मी दोन दिवस ते थेंब हुंगून बघितले. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं, पण काळ्या चष्म्यातून दिसणार काय कप्पाळ?

नवव्या दिवशी चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने पहिली ठळक वस्तू पाहिली ती ही पेटी. हिरवी. दवाखान्याच्या भिंतीला कमरेपर्यंत लावतात ना, तो हिरवा. हार्डवेअरवाल्याकडे तो डबा कित्येक दिवस पडून होता म्हणे, आणि असल्या मालाला आमच्या ह्यांच्यासारखं गिऱ्हाईक त्याला दुसरं कुठून मिळणार? सागवानी लाकूड, आईने तेलाचा बोळा फिरवून फिरवून काळं तुळतुळीत केलेलं, त्यावर रंगाचे तीन हात. रंग वाळायच्या आत झाकण लावलं म्हणून ते चिकटलं, आणि ते उचकटायला माझी कापडाची कात्री घेतली (जिने मी कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही). पितळेची कडी काढून तिथे कपाटाची मूठ बसवली. तिचे स्क्रू अर्धा इंच जास्तच लांब, ते आत डोकावतात आणि रीळ काढायला हात घातला की बोटाला बोचतात. रंग सांडेल म्हणून खाली रद्दी पसरावी एवढी अक्कल मात्र होती. रद्दी म्हणून माझी खाकी कागदाची कटिंगं पसरली. आता माझ्याकडे सगळ्या गळ्यांचे आकार हिरव्या ठिपक्यांसकट आहेत.

हे सगळं मी गिळलं असतं. चार दिवस आदळआपट करून सोडून दिलं असतं. पण मी झाकण उघडलं, आणि आतून नुसतं कोरं लाकूड.

तिथे काय होतं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे तुला पुन्हा एकदा वाचावं लागेल. आई गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहायची आणि घरच्यांची झाकणाच्या आत, पेन्सिलने, कारण वह्या हरवतात आणि झाकण हरवत नाही असं तिचं म्हणणं. (आमच्या ह्यांची आणि तिची नीट ओळख व्हायची राहिली.) वर बाबांचा शर्ट, मग तिचं स्वतःचं, मग माझं, आणि सगळ्यात खाली तू लग्न होऊन गेलीस त्या आठवड्यात घेतलेलं तुझं. तिच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे तेवढंच होतं. तिचा पाच सहासारखा दिसायचा आणि तो फक्त मला वाचता यायचा. ते सगळं पॉलिशपेपरने घासलं आणि भुगा गॅलरीतून खाली झटकला. पेटी मांडीवर घेऊन मी रडले, लपवत नाही. (ऑपरेशनच्या डोळ्याने रडायचं नसतं, याची आठवणही ह्यांनीच करून दिली.)

ह्यांचं म्हणणं, आकडेच तर होते, पुन्हा लिहिता येतील. वीजखात्यात पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर बघून आकडे उतरवलेला माणूस हा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण म्हटलं, बरं, लिहा. हातात पेन्सिल दिली, समोर बसवलं आणि मी तोंडपाठ सांगायला लागले. बाबांचं लिहिलं, आईचं लिहिलं, माझं लिहिलं. (मीटरच्या सवयीने प्रत्येक आकड्याच्या आधी दोन शून्यं. आईची कंबर ००३० आहे आता.) मग तुझ्यावर आले. उंची साडेतेरा, छाती बत्तीस असं मी म्हणाले, तेव्हा ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हा आकडा नको लिहायला लावूस," म्हणाले. "तिला तुझे ब्लाउज होत नाहीत गं."

मग एकेक बाहेर आलं. गेले दोन महिने हे फोन घेऊन जिन्यात जायचे आणि हळू आवाजात बोलायचे. या वयात संशय तरी कशाचा घ्यायचा म्हणून मी गप्प होते. पलीकडे तू होतीस. ताईला दिसत नाही तोवर माझी ओळ तेवढी घासून टाका, म्हणजे ती आपणहून नवं माप मागेल, ही तुझी अक्कल. एकच ओळ घासली तर पांढरा पट्टा दिसेल आणि हिला कळेल म्हणून अख्खं झाकण घासलं, ही ह्यांची. मग झाकण आतून पांढरं आणि पेटी बाहेरून काळी हे विचित्र दिसायला लागलं म्हणून बाहेरूनही घासली, आणि घासलेली पेटी उघडीवाघडी दिसायला लागली म्हणून हिरवी केली. तुझी एवढीशी ओळ लपवायला त्या पेटीचं हे झालं!

अठ्ठावीस वर्षं मी तुला दर वाढदिवसाला दोन ब्लाउज पाठवते आहे. छप्पन्न झाले. प्रत्येक वेळी तुझं उत्तर, 'ताई, अगदी अंगाबरोबर बसला, माप कालच घेतल्यासारखा.' आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी ते उसवतो! शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड केव्हाच संपलं, आता तो बगलेत भलत्याच कापडाच्या पट्ट्या घालतो म्हणे. त्या परक्या माणसाला ठाऊक, तुझ्या यजमानांना ठाऊक, ह्यांना ठाऊक, आणि जिने डोळे फोडून शिवले तिला तेवढं ठाऊक नाही. भर उन्हाळ्यातल्या फोटोतही तू शाल पांघरून उभी, आणि मी इथे लोकांना सांगत सुटते की धाकटीकडे हवा फार गार. अकरा वर्षं तू माझ्या दारात आली नाहीस. मी बिचारी तुझ्या गुडघ्यासाठी तेलाच्या बाटल्या पाठवत राहिले. आणि कारण गुडघा नव्हतंच, कारण बत्तीस होतं. सख्ख्या बहिणीला ब्लाउज होत नाही हे कळलं असतं तर मी काय तुला घराबाहेर काढणार होते? इतकी वाईट आहे का मी? मला घासलेल्या पेटीपेक्षा याचा जास्त राग आला आहे, आणि तो लवकर जाईल या भरवशावर राहू नकोस.

तुझ्या यजमानांना नमस्कार. शिंप्याला नाही.

तुझ्यावर चिडलेली,
ताई

ता. क. यंदाचं कापड परवा कापायला घेतलं होतं. सवयीने खडूची रेघ मारली आणि मग टेप लावून बघितली, तर बत्तीसचीच. झाकण घासून काय मिळवलंत तुम्ही दोघांनी? कापड घडी घालून ठेवून दिलं आहे.

ता. क. २. ह्यांचं म्हणणं असं की अकरा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणाले होते, बत्तीसच्या वर गेलीस तर मी शिवून द्यायची नाही, आणि सगळे हसले. मला यातलं काही आठवत नाही. (आठवतं. सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते. तूही हसलीस, म्हणून मला वाटलं की झालं.)

ता. क. ३. झाकणावर तुझ्या नावापुढची जागा कोरी आहे. माप लिहून पाठवू नकोस, त्या शिंप्याकडून तर मुळीच नको. तू ये. गुडघा खरंच दुखत असेल तर तसं कळव, मी ह्यांना घेऊन जिन्याखाली उभी राहीन. आल्यावर ह्यांना बाजारात पिटाळते, शिवणाच्या खोलीचं दार लावून घेते आणि माप मी घेते. आकडा मोठ्याने वाचणार नाही.