वाणाच्या बाजेचा झोळ

धुळाजीराव इवाई,

उमापूरहून म्हाळूचा वाकून रामराम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली विचारायला पेन उचललं खरं, पण तुमची कंबर हाच आपल्या रुसव्याचा विषय असल्याने चौकशी कुठून सुरू करावी ते कळेना. तरी कंबर बरी असावी. इहीणबाई ताराबाईंना नमस्कार. या उन्हात मेंढरांना पाणी पुरतं का तेही कळवा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही तुमच्या हरिओमला, म्हणजे आमच्या जावईबापूंना, जाळीदार वाण म्हणून बाज दिली. (अनारशाला भोकं असतात, बत्ताशाला असतात, मग बाजेला काय कमी आहेत? शिवाय अनारसे दोन दिवसांत संपतात.) हिरवी-पिवळी नायलॉनची पट्टी, माझ्या हातची विणलेली, टिचकी मारली तर डफासारखी वाजायची. जावईबापू तिच्यावर कितपत निजले ठाऊक नाही, पण तुम्ही तिला पसंत केलंत, दारातल्या लिंबाखाली टाकलीत आणि तेव्हापासून दुपारी, दुपारनंतर आणि कधीकधी दुपारच्या आधीही तिच्यावर विसावलात, हा आमचा मानच. तीन वर्षांत ती बसत गेली. आणि आता चार पाहुण्यांसमोर तुम्हाला तिच्यातून उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून ओढलं, तेव्हा कंबरेत उसण भरली. "उमापूरच्यानं बाज न्हाई, झोळी दिली," असं तुम्ही म्हणाल्याचं कानावर आलं. यंदाचा धोंडा निम्मा सरला तरी आमच्या ऋतुजेला आणि जावईबापूंना तुम्ही इकडे पाठवलं नाही. आमची बायनाबाई एसटीचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात जाते.

आता शास्त्राचं ऐका. परळीच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर मी उमेदीची सगळी वर्षं काढली. रबर आणि कापडाच्या थरांचा तो पट्टा दिसायला हत्तीच्या कातड्यासारखा. पण ओझं कायम असलं की तोही लांबतो. आज बघा, उद्या बघा, काही दिसत नाही. वर्षाने बघावं तर लोंबतोय. हे का होतं म्हणून मी साहेब लोकांची पुस्तकं मागून आणली आणि अडखळत वाचली. लोखंड ओझ्याने वाकायचं तेवढं वाकतं आणि थांबतं. नायलॉन, प्लास्टिक यांना थांबणं ठाऊक नाही. ओझं आहे तोवर ते केसाकेसाने सरकत राहतात, उन्हात जास्तच. ओझं काढलं तर थोडं माघारी येतात, थोडं कायमचं गेलेलं असतं. (यात तुमच्या वजनाबद्दल काही म्हणायचं नाही. ओझं हा शास्त्रातला शब्द आहे.)

म्हणून तर बाजेला पायथ्याशी दोरी असते. अधूनमधून ती ताणली की बाज पुन्हा वाजायला लागते. मग तीन वर्षांत कुणी ताणली का नाही? ऋतुजेने एकदा विचारलं होतं म्हणे, तर तुम्ही म्हणालात, "इवायाच्या वाणाला हात कावून लावायचा? बाज ढिली हाय म्हणल्यावानी व्हतंय." केवढं मोठं मन. इकडे मीही दोनदा तुमच्या दारी आलो, झोळ बघितला, हात शिवशिवले. पण दिलेल्या वाणाला देणाऱ्याने हात लावणं बरं दिसत नाही म्हणून चहा पिऊन गुमान परतलो. असा आपण दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि बाज तेवढी खाली गेली.

यावर कायमचा उपाय काढावा म्हणून मी घरी तसलीच बाज विणली. परळीत पट्टा सैल पडू नये म्हणून त्याला मोठं वजन टांगलेलं असतं. पट्टा लांबला की वजन आपसूक उतरतं आणि ताण तेवढाच राहतो. तीच युक्ती मी केली. पायथ्याची दोरी पाइपावरून खाली सोडली आणि तिला जात्याची तळी व हिचा पाटा टांगला. कुणाच्याही वाणाला कुणीही हात लावायला नको. मी आडवा झालो, पाटा थोडा वर गेला, झोप अशी लागली म्हणता. तेवढ्यात बायनाबाईला पुरण वाटायचं होतं. (पोरगी आज येईल, असं तिला रोज वाटतं.) तिने मला न उठवता, माझ्याच झोपेची काळजी म्हणून, पाटा सोडून नेला. मी जमिनीला टेकलो. पाय वर, डोकं वर, मधला माणूस गायब. हाक मारली तर म्हणाली, "आता कळलं का, इवायाला काय झालतं ते?" उठव म्हटलं तर म्हणाली, "हात पुरणाचे हायेत. पडून ऱ्हावा." पुरण होईस्तोवर राहिलो.

पुस्तकात आणखी एक गंमत होती. पट्टी ताणून तेवढ्यावरच धरून ठेवली, तर लांबी तीच राहते पण आतला ताण हळूहळू उतरत जातो. कुणी समजूत घालायला लागत नाही. तुमच्या रागाचंही तसंच होईल म्हणून मी थांबून राहिलो होतो. पण तुमचा राग नायलॉनचा दिसत नाही, लोखंडाचा असावा.

तरी एक सांगतो, रागावू नका. माझ्या बाजेचा पाटा एकाएकी काढला म्हणून मी अडकलो. तुमची बाज तीन वर्षं सावकाश बसलेली आहे, आणि सावकाश बसलेल्या बाजेतून माणसाला सावकाश उठता येतं, असं माझं ठाम मत आहे. उठायची इच्छा तेवढी पाहिजे.

लहानमोठ्यांना आशीर्वाद, मेंढरांना सुखाचा चारा.

आपला लहान इवाई,
म्हाळू

ता. क. – वरचं शास्त्र बाजूला ठेवा. महिना संपायच्या आत दोघांना पाठवा. दोनदा पुरण झालं, दोनदा शेजाऱ्यांनी खाल्लं. पाटा आता मला मिळत नाही. ही म्हणते, पोरगी येईस्तोवर तो चुलीपासून हलायचा नाही.

आणखी ता. क. – ही ओळ तुमच्याच दारातून लिहितोय. टपालावर भरवसा नव्हता म्हणून स्वतः आलो. पत्र ठेवून तसाच माघारी फिरणार होतो. तुम्ही आत होता, बाज लिंबाखाली रिकामी होती. झोळ खरंच किती आहे ते बघावं म्हणून जरा टेकलो. अर्धा तास झाला. ठाम मत मागे घेतो. ऋतुजा पाणी घेऊन आली, बघून हसत बसली, ओढ म्हटलं तर आत तुमच्याकडे बोट दाखवून म्हणते, "मामाच उठवतेल तुमाला." तिच्याच हाती हा कागद आत पाठवतोय. कंबर सांभाळून या आणि हात द्या. दोरी दोघं मिळून ताणू.