नव्या लिफ्टसाठी केलेली काटकसर

१ फेब्रुवारी
या नोंदींतून एवढेच सिद्ध करायचे आहे की, जुन्या इमारतीला शिस्त लावता येते आणि त्यासाठी तर्कशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक पुरेसा असतो. अध्यक्षपदी माझी बिनविरोध निवड झाली. दुसरे कोणी उभे नव्हते, हा तपशील गौण.

वीजबचतीच्या कंपनीशी करार ठरतो आहे. कंपनी स्वखर्चाने नवी लिफ्ट, नवा पंप आणि जिन्यात नवे दिवे बसवणार. सामाईक बिल जेवढे उतरेल, त्यातून खर्च वसूल करणार. सध्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबून चिंतन करते. सौ.चे गुडघे आणि आमचा चौथा मजला यांचे पटत नाही. उन्हाळ्याआधी नवी लिफ्ट, असे तिला वचन दिले. ती म्हणाली, अहो, तुम्ही हात लावला नाहीत तर नक्की येईल.

४ फेब्रुवारी
कंपनीचा इंजिनिअर मीटर लावून गेला. इमारतीने त्याचे नाव ‘मापाडी’ ठेवले. तीन महिने सध्याचा वापर मोजणार; पुढची बचत त्याच आकड्याशी ताडून पाहणार. जाताना म्हणाला, सर, सगळं नेहमीसारखं चालू द्या. ‘नेहमीसारखे’ची व्याख्या त्याने केली नाही. अर्थात ती मलाच करावी लागेल. ही परीक्षा आहे, हे उघड आहे. उधळ्या इमारतीवर कोण पैसा लावील?

९ फेब्रुवारी
निश्चय: लिफ्ट सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर; एरवी कुलूप, किल्ली माझ्याकडे. जिन्यातला एक सोडून एक दिवा काढला. तळमजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, काका, अंधारात कुणी पडलं तर केस मी घेईन, आणि तुमच्याविरुद्ध घेईन. बाईंना विनोदबुद्धी आहे.

२० फेब्रुवारी
दुपारी लिफ्ट उघडून मीच वर आलो. हातात नियमावलीच्या प्रती होत्या. वजन केवळ तात्त्विक नव्हते.

३ मार्च
सौ. दवाखान्यातून भलत्या वेळी परतली. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवण्याची माझी दूरदृष्टी कामी आली. मी किल्ली आणायला निघालो, तर म्हणाली, राहू द्या, नियम मोडेल. स्वरात कौतुक असावे.

१८ मार्च
मुलीचा फोन. बाबा, आईला माझ्याकडे पाठवा, इथे एकही पायरी नाही, म्हणाली. नकार दिला. अध्यक्षाच्याच घरातून माघार झाली, तर युक्तिवाद टिकत नाही. सौ. काही बोलली नाही. मौन ही संमती धरली.

६ एप्रिल
मापाडी आकडे पाहून डोके खाजवत होता. मीटर बिघडलाय का हो, असे विचारत होता. मी गूढ हसलो. यश निकालाच्या दिवशीच जाहीर करावे.

५ मे
निकाल. सगळे सभासद जमले होते. मापाडी म्हणाला, सर, तुमची इमारत इतकी कमी वीज खाते की आम्ही वाचवायचं काय? नवी लिफ्ट दिवसभर चालली तर बिल उलट वाढेल. बचत नाही, म्हणजे करार नाही.

मग मी सर्व सांगितले. जुनी बिले पुढे केली. तो हळू आवाजात म्हणाला, कंपनी स्वतः मोजलेलंच धरते. मी नेहमीसारखं म्हटलं होतं ना, सर? पुन्हा अर्ज पुढच्या वर्षी. वकीलबाई म्हणाल्या, काका, डॉक्टर तपासायला येणार म्हणून तुम्ही पेशंटला पावडर लावून बसवलंत. सभा हसली. मीही हसलो, किंचित उशिरा.

७ मे
मुलगी गाडी घेऊन आली. सौ.ने बॅग भरून ठेवलीच होती. लिफ्टपाशी म्हणाली, लिफ्ट बसली की बोलवा. तोवर जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. पुढच्या मोजणीच्या वेळी काय करायचे, असे मी विचारले. ती म्हणाली, काही नाही. तेवढंच करा.

सिद्धता पूर्ण झाली नाही. चूक एकच, आणि ती माझी: ज्या गुडघ्यांसाठी लिफ्ट हवी होती, त्याच गुडघ्यांच्या जोरावर मी वीज वाचवली.

(सही)
अध्यक्ष
चौथा मजला