सव्वीस तारखेची साक्ष

दि. १४ मे
ता. चामोर्शी

प्रिय प्रफुल,

तुला आणि पुनमला तुझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे आशीर्वाद. 'इकडे सगळं ठीक' असं लिहायची हाताला इतकी सवय झाली आहे की पेन आपोआप तिकडेच निघाला होता. आवरला. का ते पुढे कळेल. पण उडी मारून शेवट आधी वाचू नकोस, तुझी लहानपणापासूनची खोड आहे ती.

हातात मोबाईल असताना बाई पत्र काऊन लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज आला की 'बरं आहे' म्हणून मी मोकळी होते. कागदापुढून तसं पळता येत नाही.

आधी गंमत ऐक. तेंदूपत्ता जोरात आहे. गाव पहाटेच जंगलात जातं आणि दहाच्या सुमाराला पानांचे भारे घेऊन परततं. मी कुबडी बाजूला ठेवून ओसरीवर बसून पुडे बांधते. सत्तर पानं, एक गाठ. या कामात अजून तरी कोणी माझा हात धरू शकत नाही. तर अशा गडबडीत पंचायतीत निरोप आला की अपंगांच्या मानधनाचे नियम बदलणार आहेत. अजून पक्कं नाही, प्रस्ताव आहे म्हणतात. पण त्याआधी घरोघरी येऊन पाहणी करणार, कोणाला काय करता येतं ते लिहून नेणार.

झालं. सरकारी माणूस घरी येणार म्हटल्यावर आपलं गाव काय करतं, तुला ठाऊक आहे. अंगणं सारवली गेली. शेजारच्या गुणाबाईने माझ्या ओसरीवर तिच्या घरची प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी आईचं हिरवं लुगडं नेसले. आई म्हणायची ना, पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, त्याला चहा गोड लागला पाहिजे.

पाहणीला रंजीता नावाची पोरगी आली होती, वरोऱ्याकडची. गोड होती. तिच्या कागदावर वीस प्रश्न होते. स्वयंपाक कोण करतं? मी. कपडे? मी. बाजार? मीच. पाणी कोण आणतं म्हणाली, तर मी कोपऱ्यातल्या भरलेल्या गुंडांकडे, घागरींकडे बोट दाखवून म्हटलं, "मीच आनतो, अजून कोन आनन?" बोलता बोलता तिच्यासमोर चार पुडे बांधूनही दाखवले.

सोमाजीभाऊंची तऱ्हा तर विचारू नकोस. दोन्ही डोळे गेलेला माणूस, पण पोरीला म्हणे, "मले काठी लागत नाई." आणि काठी भिंतीला टेकवून निघाले विहिरीकडे. त्या वाटेची पावलं त्यांना पाठ आहेत. मध्येच गुणाबाईची शेळी आडवी आली. तिला धक्का लागला तसे थांबले आणि हात जोडून म्हणाले, "रामराम भाऊ." शेळीनेही उत्तर दिलं. सगळी आळी हसली. रंजीताने मात्र मान खाली घालून लिहिलं, एकटे फिरू शकतात.

आठ दिवसांनी पंचायतीबाहेर यादी लागली. माझ्या नावापुढे 'स्वावलंबी' लिहिलं होतं. प्रफुल, खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तिथेच बाकावर बसून दोनदा वाचलं. यादीचा फोटो काढून तुला पाठवावा असं मनात आलं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू याच अंगणात म्हणाला होतास, "बाई, तुले एकटीनं जमनार नाई, चाल माह्यासंगं." मी म्हटलं होतं, कोणाच्या दारात बसायला येणार नाही. तू रागावून गडचांदूरला गेलास. तेव्हापासून दिवाळीला येतोस ते पाहुण्यासारखा, आणि मीही तुला पाहुण्यासारखंच वागवते. म्हटलं, आता सरकारच लिहून देतंय की बाईला जमतं.

तो आनंद चहा होईपर्यंत टिकला. यादी समजावून सांगणाऱ्या शिपायाने गुणाबाईला सांगितलं, नवा नियम आला तर 'स्वावलंबी' वाल्यांचं मानधन बंद. सोमाजीभाऊंचंही. मी ज्या शब्दावर फुगले होते, तोच माझी चूल विझवणार होता. तेंदू वीस-पंचवीस दिवसांचा, बाकी वर्ष मी त्या मानधनावरच काढते. ते गेलं की हे घर सुटलं.

दुरुस्ती करता येते. सव्वीस तारखेला चामोर्शीला फेरतपासणी आहे. अट एवढीच की रक्ताच्या नात्यातलं माणूस सोबत हवं, जे खरी परिस्थिती सांगून सही करेल. माझं असं माणूस तू एकटाच. आणि खरी परिस्थिती मी तुला कधी कळूच दिली नाही.

म्हणून आता वाच.

पाणी मी आणत नाही. दोन वर्षं झाली. कुबडीने उजवा खांदा गेला, भरलेला गुंड उचलत नाही. गुणाबाई आणते. त्या दिवशीचे गुंडही तिनेच भरले होते. बाजारही तीच करते, मी फक्त भावावरून तिच्याशी भांडते. चुलीजवळून उठताना मला भिंत लागते. दिवाळीला तू यायच्या आधीच मी सगळा स्वयंपाक करून खुर्चीवर बसून राहते, म्हणजे तुला माझं उठणं दिसू नये.

गेल्या श्रावणात अंगणात घसरून पडले. सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच चिखलात पडून होते, गुणाबाई विरजण मागायला आली तोवर. त्याच आठवड्यात तुला लिहिलं होतं, पाऊस छान झाला, धानाची रोवणी आटोपली. पाऊस खरंच छान झाला होता. तो मी फार जवळून पाहिला.

हे लिहिताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट भूक लागली आहे.

एक आधीच सांगते. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. मला हेच घर हवं, ही ओसरी, गुणाबाईचं भांडण. म्हणूनच तर मानधन हवं. तेव्हा सही करायला ये, न्यायला नको. पंचवीसलाच ये. सोमाजीभाऊंचा मुलगाही येतोय, एकाच गाडीने जाऊ. सोमाजीभाऊंना काठी घ्यायला मी बजावलंय. ते म्हणतात, "घेतो, पन शेळीले सांगू नोको."

या वेळी खुर्चीवर बसून राहणार नाही. तू आलास की तुझ्यासमोर उठेन. वेळ लागेल. बघवलं नाही तर हात दे. आणि आल्या आल्या विहिरीवरून दोन गुंड पाणी आण, गुणाबाईला एक दिवस सुट्टी मिळू दे.

दर पत्राच्या शेवटी मी 'माझी काळजी नसावी' असं लिहीत आले. आज ती ओळ लिहीत नाही.

तुझी,
बाई