घोंगडी नेली

८ डिसें. सोम.
जतला आले. कुपवाडच्या कारखान्यात रजा सांगितली, कारण नाही सांगितलं. परवा शोभा, माझी धाकटी बहीण, मेंढरांच्या राखणीला एकटी झोपली होती. शेजारच्या वस्तीवरच्या बाळूनं जबरदस्ती केली. आणि आईनं काय करावं? तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं, साडी-परकर खसाखसा धुतलं. म्हणे, "विटाळ कसा ठिवायचा अंगावर?" लय बोलले मी आईला. नको होतं बोलायला. मग दोघी रडलो.

९ डिसें.
गुन्हा नोंदवला. तपासणी झाली. डॉक्टरीणबाई मायेनं वागल्या, पण म्हणाल्या, अंघोळ झालीय, फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही. बाळू पळालाय. त्याचा बाप चौकीबाहेर मोठ्यानं ऐकवत होता, "पुरावा काय हाय?" मेल्याचं तोंड...

१० डिसें.
फॉरेन्सिकची गाडी थेट वस्तीवर! मला वाटलं, कुणीतरी वशिला लावला. हवालदारबाई म्हणाल्या, "वशिला कसला गं? नव्या कायद्यानं असल्या गुन्ह्यात ह्यांना जागेवर यावंच लागतंय."
कपडे बघितले. स्वच्छ. मग त्यांनी विचारलं, अंथरायला काय होतं?
आई म्हणाली, "घोंगडी. ती कशाला धुवू? लोकरीला विटाळ नसतोय."
आमच्यात घोंगडी बाटत नाही, देवापुढंही तीच अंथरतात. धुवायचं आईच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. अगं बाई! कागदात गुंडाळून, सील करून नेली. आई बघतच राहिली.

२७ फेब्रु.
अहवाल आला. घोंगडीत पुरुषाचा डीएनए मिळाला.
एवढ्याशा डागात अख्खा माणूस ओळखू येतो! कारखान्यात मी दिवसभर मापं घेते, केसाएवढा फरक पकडते, पण हे तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. हवालदारबाईंनी समजावलं, निम्मंच कळलं. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

७ मार्च
बाळू लोणंदला कांद्याच्या वखारीत सापडला. काल त्याचं रक्त घेतलं. जुळतंय का ते कळायला वेळ लागेल म्हणतात. गावात सगळे आमच्याकडं बघतात, बोलत कुणी नाही.
आत्ता आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "त्येचं न्हाई निघालं तर गं?"
शोभा जेवत होती. घास गिळून म्हणाली, "निघंल की. मी हुते तिथं."