रॉइस माझ्या शेजारी बसला होता

प्रिय नेल्डा,

तू भाजून पाठवलेला पीचचा पाई पोचला. कडा नेहमीसारखी जरा करपलीच आहे, पण चव आईच्या हातची. सोबत तू लिहिलंस, “वर्लीन, तू माझ्या लेकराला वाचवलंस.” ते वाचलं आणि उरलेला पाई तसाच झाकून ठेवला.

तुझ्या डॅरेलवरचा खटला जजनी काढून टाकला तो माझ्या सांगण्यावरून, हे खरं. पण काय झालं ते नीट ऐक. ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवायला जमलेल्या आपल्याच लोकांपुढे, मी साक्ष देत होते. माझा कान अधू, म्हणून शेरिफच्या हाताखालचा पोलीस रॉइस खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि सरकारी वकिलाचा प्रत्येक प्रश्न कानात ओरडून सांगू लागला. चर्चमध्ये तो मला प्रवचनही असंच सांगतो, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पण साक्षीच्या वेळी त्या खोलीत बाहेरच्या कुणी बसायचं नसतं. आणि डॅरेलला पकडणारा रॉइसच ना! मी अडखळले की तो मान डोलवायचा आणि मला धीर यायचा. पुढे डॅरेलच्या वकिलाने विचारलं, आत कोण कोण होतं, तेव्हा मी होतं ते सांगितलं, आणि नियम मोडला म्हणून खटला गेला. वाचवलं वगैरे काही नाही.

मी पाहिलं ते काही बदललेलं नाही. गाडीने टिलमन म्हाताऱ्याला उडवलं, डॅरेल खाली उतरला, त्याने वाकून पाहिलं, आणि परत गाडीत बसून तो निघून गेला. ज्याला मी मांडीवर खेळवलं त्याला ओळखायला मला कान लागत नाहीत, ग. टिलमनने जन्मभर आपल्या पोरांना शाळेच्या बसमधून नेलं-आणलं आणि तो चरात एकटा मेला. तू त्याचं नावही काढत नाहीस, याचा मला राग आहे.

आता सोमवारी त्याच खटल्यासाठी नवी ग्रँड ज्युरी बसते आहे आणि मला पुन्हा बोलावणं आलंय. या वेळी कानात यंत्र असेल, शेजारी कुणी नसेल, आणि मी तेच सांगणार आहे. तुला ते बाहेरून कळू नये म्हणून हे पत्र. तुला आत येऊ देणार नाहीत, पण दाराबाहेर बाक आहे. मी बाहेर येईन तेव्हा तू तिथे असावीस असं फार वाटतं. नसलीस, तरी मी जाणार.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
वर्लीन