आईबाबांचा गुणाकार

पॅरिस, ३ मार्च १८२६

ती. ब्लांशताईस ऑदिलचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. हिवाळाभर मी एकाच जातीच्या मूळ संख्या शोधत होते, हे तुला ठाऊक आहे. दुप्पट करून एक मिळवला की पुन्हा मूळ संख्याच यायला हवी. अकराचे तेवीस, तेविसाचे सत्तेचाळीस, अशा. ती सगळी यादी दादा गुरुवारी विद्वानांच्या सभेत स्वतःच्या नावावर वाचणार आहे. जाब विचारला तर म्हणतो कसा, बाईचं नाव लावलं तर कोण ऐकून घेणार? वर वाचायची प्रत माझ्याकडूनच लिहून घेतोय, मेला.

मीही तिच्यात २५९१ घुसडली आहे. दुप्पट अधिक एक म्हणजे ५१८३, आणि ती काही मूळ नाही. सभेतले म्हातारे वाचन चालू असतानाच खिशातल्या कागदावर भागाकार करत बसतात. होऊ दे त्याची शोभा.

तुझी चिडलेली,
ऑदिल

रूआँ, ६ मार्च

चि. ऑदिलला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अगं, बाबांचं आडनाव त्याच्याबरोबर तुझंही आहे. त्याला एक संधी दे. नाहीच ऐकलं, तर माझ्या वाटचाही सूड उगव. सफरचंदाची दारू पाठवली आहे. त्याला थेंबही देऊ नकोस.

तुझ्यावर जीव असलेली,
ब्लांश

पॅरिस, ११ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं. आदल्या दिवशी त्याला विचारलं, एकेक संख्या स्वतः तपासलीस का? म्हणाला, असली हमाली मुलींनी करायची.

सभेत त्याने २५९१ उच्चारली मात्र, एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, ५१८३ म्हणजे बहात्तरच्या वर्गाला एक कमी. एकाहत्तर गुणिले त्र्याहत्तर. आपण तपासली नव्हती का? दादाने हातातले कागद उलटसुलट केले. शेवटी अंग काढून घ्यायला ओरडला, की यादी बहिणीने केली आहे! भरसभेत, सगळ्यांसमोर. म्हातारे म्हणाले, मग खरी यादी आम्ही तिच्याकडूनच मागवू. ती काल माझ्या नावाने रवाना झाली.

घरी येऊन मला विचारत होता, नेमकी हीच संख्या का? मी सांगितलं, आई एकाहत्तराव्या वर्षी गेली, बाबा त्र्याहत्तराव्या. दोन्ही वेळा तू सभेत होतास.

ताई, मला जराही वाईट वाटलं नाही. मी सामान बांधते आहे. मी येईपर्यंत त्यांच्या थडग्यावर माझ्या वाटची फुलं तू ठेव.

राग निवला, लोभ तेवढा राहिला आहे, तो सांभाळ.

तुझी,
ऑदिल